तूरडाळ, शिसं आणि कोलारची खाण

बार्शीच्या डाळ मिलमधून निघालेल्या एक किलो तूरडाळीत दर सेकंदाला पोटॅशियम-४० चे सुमारे ४०० अणू फुटत असतात. ती डाळ खाणाऱ्या माणसाच्या अंगात हा आकडा ४००० च्या घरात जातो. यात घाबरण्यासारखं काही नाही. पोटॅशियमशिवाय हृदयाचा ठोका पडत नाही, आणि पोटॅशियममधला हा किरणोत्सर्ग माणूस जन्माला आल्यापासून त्याच्या सोबत आहे. पण ज्या शास्त्रज्ञाला वर्षभरात एखादीच खरी नोंद मिळायची असते, त्याच्या यंत्राजवळ ही डाळ ठेवली, तर त्याचं सगळं काम बुडालं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वंदना नानल आणि त्यांचे सहकारी असंच काम करतात. कथील-१२४ या अणूच्या गाभ्यातून एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडावेत आणि न्यूट्रिनो नावाचा कण मात्र एकही निघू नये, अशा घटनेचा हा शोध आहे. ती सापडली तर न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण आहे, हे सिद्ध होईल. जगात कुणालाही ती अजून निर्विवादपणे दिसलेली नाही. कथलात तिची खूण २२९२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपाशी उमटायला हवी. अडचण अशी की खडकात, सिमेंटात, पत्र्यात सगळीकडे थोरियम असतं. त्याच्या क्षयाच्या साखळीतलं थॅलियम-२०८ हे २६१५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडतं. तो किरण थोडी ऊर्जा घेऊन निसटला, की उरलेली ऊर्जा नेमकी २२९२ च्या आसपास नोंदली जाऊ शकते. खोटी नोंद खऱ्याच्या जागेवर येऊन बसते.

भूगर्भात गेलं की सगळं शांत होतं, हा समज अपुरा आहे. खोली फक्त वरून येणारे वैश्विक किरण थोपवते. त्या किरणांतून जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला म्यूऑन नावाचा साधारण एक कण पडतो, तो खाली कमी होत जातो. पण खडक स्वतःच युरेनियम, थोरियम, पोटॅशियम बाळगून असतो. आपल्या भागातल्या काळ्या बेसॉल्टमध्ये ते कमी, स्वयंपाकघराच्या ओट्यावरच्या ग्रॅनाइटमध्ये बरंच जास्त. त्यातून रेडॉन वायू झिरपून बोगद्याच्या हवेत साचतो. म्हणून यंत्राभोवती आधी शिशाची भिंत, तिच्या आत तांब्याचं आवरण, आणि मधली हवा नायट्रोजनने हाकललेली, अशी रचना टाटा संस्थेतल्या मोजणी-यंत्राला आहे.

शिसंही कुठलंही चालत नाही. ताज्या शिशात लेड-२१० हे किरणोत्सर्गी शिसं असतं आणि ते निम्मं व्हायला २२ वर्षं लागतात. इटलीत ग्रान सासोच्या प्रयोगशाळेने त्यासाठी सार्डिनियाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातलं दोन हजार वर्षांपूर्वीचं शिसं वापरलं. तांबं जमिनीवर पडून राहिलं तर वैश्विक किरणांमुळे त्यात कोबाल्ट-६० तयार होतं. अमेरिकेत एका प्रयोगासाठी ते जमिनीखालीच घडवलं गेलं. स्क्रू, वायर, सोल्डर, प्लास्टिक, प्रत्येक वस्तू आधी मोजायची, मगच आत घ्यायची. या मोजणीतून पदकं मिळत नाहीत, तरीही मला ती सगळ्या प्रयोगाचा कणा वाटते. तमिळनाडूच्या बोडी टेकड्यांमधला खडकही असाच मोजून घेतला होता, कारण तिथे भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती.

आणि इथे मला राग येतो. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर टाटा संस्था, ब्रिटनचं डरहॅम विद्यापीठ आणि जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ यांनी मिळून वातावरणातले न्यूट्रिनो टिपले. जगात अशा पहिल्या नोंदींपैकी त्या होत्या. त्याआधी तिथल्या मोजणीच्या सर्वांत खोल पातळीवर दोन महिन्यांत एकही म्यूऑन सापडला नव्हता. इतकी शांत जागा आपल्या हातात होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग गुंडाळले गेले, २००१ मध्ये खाण बंद झाली आणि बोगदे पाण्याखाली गेले. सोन्याचा हिशेब मांडला गेला, शांततेचा मांडलाच नाही.

कोलारच्या बदल्यात बोडीत व्हायची ती वेधशाळा केंद्राने २०१५ मध्ये मंजूर केली, पण २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात तिला विरोध केला. पश्चिम घाटातलं जंगल आणि पाण्याची चिंता खरी आहे, ती बाजूला सारू नये. मात्र प्रयोगातून किरणोत्सर्ग पसरेल, ही भीती उलटी आहे. किरणोत्सर्गापासून पळण्यासाठीच तर डोंगरात शिरायचं होतं. आज झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटरवर छोटी प्रयोगशाळा आहे. ती हवीच, पण तेवढी खोली अशा शोधांना तोकडी पडते.

नवा डोंगर फोडायला लोक नको म्हणत असतील, तर आधीच खोदलेल्या खाणींकडे पाहा. सोलापूरहून गाडीने रायचूर गाठता येतं. त्याच जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आजही चालू आहे. तिथला खडक, रेडॉन आणि म्यूऑन मोजायला एक छोटा गट आणि काही महिने पुरतील. ही मोजणी अणुऊर्जा विभागाने खाण चालू असतानाच करून घ्यावी, पाणी उपसणारे पंप बंद पडण्याची वाट पाहू नये.