*खंडेनवमीला ट्रॉली चमकवा, पण ॲसिडने नको*



आजच्या मेसेजमध्ये फवारणी नाही, बाजारभाव नाही. आज बोलायचंय गाडी धुण्यावर. कृषी सल्ल्यात हे कुठून आलं, असं कोणी म्हणेल. पण जमिनीनंतर आपल्या दारातली सगळ्यात महागडी वस्तू ट्रॅक्टर-ट्रॉली नाहीतर पिकअपच असते, आणि बऱ्याच जणांचे हप्ते अजून चालू आहेत.

खंडेनवमी जवळ आली की वॉशिंग सेंटरवर रांग लागते. त्यानंतर लगेच उसाचा हंगाम. चिखल, ऑइल, गंज दोन मिनिटांत निघावा म्हणून बऱ्याच ठिकाणी कॉस्टिक सोड्याचं पाणी नाहीतर ॲसिड मारतात. गाडी लख्ख दिसते, आपण खुश होतो. माझं स्पष्ट मत आहे की ही स्वस्तातली धुलाई आपल्याला महागात पडते.

कारण आपल्याच भाषेत सांगतो. फवारणीच्या पाण्याचा पीएच आपण बघतो. 7 म्हणजे ना आंबट ना खारट. वर-खाली एक आकडा सरकला की ताकद दहा पट बदलते. कडक कॉस्टिकचं पाणी 13 च्या पुढे जातं, म्हणजे 7 पासून सहा आकडे, दहा लाख पट फरक. धुण्याची पावडरसुद्धा 10 च्या आसपास असते. डोस चुकला की पान करपतं, तसाच रंगही करपतो.

ट्रॉलीला आपण बहुतेक ऑइल पेंट मारतो. कॉस्टिक त्या रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण करतं. म्हणून रंग आधी फिका होतो, मग हाताला पावडर लागते, मग पोपडे निघतात. पिकअपच्या रंगावरचा पारदर्शक थर मंद पडतो. ॲल्युमिनियम आणि जस्ताचा पत्रा ॲसिड आणि कॉस्टिक दोन्हीही खातात. "आई तुळजाभवानी"चं स्टिकर असो की आपल्या कंपनीचं नाव, केमिकल कडेतून आत शिरतं, गोंद सुटतो आणि प्रेशरच्या पाण्याने कोपरा उचलतो. नंतर चमक यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवला की उरलेला गोंदही ढिला होतो, वर धूळ चिकटते ती वेगळीच.

काही काका म्हणतात, "ट्रॉली शेणखत वाहायची, तिला रंगाचं काय कौतुक?" बरोबर आहे, ट्रॉली मिरवायला नाही. पण रंग ही लोखंडाची कातडी आहे. पोटॅशसारखं खत म्हणजे एक प्रकारचं मीठच. रंग गेलेल्या पत्र्यावर ते ओलं झालं की गंज झपाट्याने पसरतो. द्राक्षवाल्यांच्या ब्लोअरवर बोर्डोचे डाग राहिले तरी तेच होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. *रेडियम.* केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकपट्टी सांगितलीय ती दंडासाठी नाही, जिवासाठी. पट्टीच्या आत बारीक काचेचे मणी नाहीतर पैलू असतात, ते समोरच्या गाडीचा उजेड परत फेकतात. वरचा थर केमिकलने आणि घासण्याने मंद झाला, कडेतून पाणी आत गेलं, की पट्टी दिवसा लाल दिसते पण रात्री मेलेली असते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येरमाळा रस्त्यावर नाहीतर नळदुर्ग-उमरगा रस्त्यावर रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि मागून सुसाट येणारी मोटरसायकल, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या मोटरसायकलवर आपल्याच गावचा पोरगा असू शकतो.

आणखी दोन गोष्टी. ॲल्युमिनियम चमकवायच्या काही केमिकलमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीतून आत जातं, आग कधी कधी काही तासांनी सुरू होते. धुणारा पोरगा उघड्या हाताने काम करतोय, त्याचाही विचार करा. आणि ते पाणी ओढ्यात, विहिरीत जातं. दुष्काळ भोगलेल्या जिल्ह्याने तरी पाणी नासवू नये.

*मग करायचं काय?*

1. आधी साध्या पाण्याने चिखल भिजवून सोडा. दहा मिनिटांनी निम्मं काम झालेलं असतं.
2. गाडीचा शाम्पू वापरा. ऑइल काढायचं केमिकल फक्त चेसिसला, तेही पातळ करून आणि लगेच धुऊन.
3. उन्हात तापलेल्या बॉनेटवर काही मारू नका. भर दुपारी फवारणी करत नाही, तसंच हे.
4. प्रेशरचा नोझल स्टिकर आणि रेडियमपासून निदान हातभर लांब ठेवा. बेअरिंगवर थेट धार नको, धुतल्यावर ग्रीसिंग करा.
5. वॉशिंगवाल्या दादाला विचारा, "यात काय टाकलंय?" सांगता येत नसेल तर पीएच पट्टी बुडवून बघा. फवारणीला वापरता तीच चालते.
6. रात्री पन्नास पावलं मागे जा, मोबाईलची बॅटरी डोळ्याजवळ धरून ट्रॉलीवर मारा. पट्टी लखलखली नाही तर बदला. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि आरटीओ रिफ्लेक्टर लावून देतात, तेव्हा ट्रॉली पुढे घ्या.

औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय आपण पंपात थेंब टाकत नाही. मग पाच-सात लाखांच्या वस्तूवर बिनलेबलच्या कॅनमधलं काहीही का मारू द्यायचं? कंपनीची पिकअपही फक्त शाम्पूने धुवावी, असं मी संचालक मंडळापुढे मांडणार आहे. तुमचं मत पटो न पटो, व्हॉईस मेसेज करून कळवा.

ऊसवाल्या मित्रांना हा मेसेज पुढे पाठवा.

— आपला कृषी सल्लागार