क्षार गेले, समुद्र राहिला

कुवेतमधल्या सालमियात किनाऱ्याजवळच्या इमारतीच्या तळघरात पाणी झिरपू लागले की आपण टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, बुडवतो. आकडा कमी आला की समुद्र बाद, विषय संपला. ही घाई नडते. १९५३ साली शुवैखला निःक्षारीकरण सुरू झाले तेव्हापासून इथला नळ मुख्यतः समुद्रावरच चालतो. त्यात थोडे भूजल मिसळतात. पण क्षार निघाले तरी पाण्याचा रेणू आखाताचाच असतो. तो ओळखायचा तर समस्थानिकांकडे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंकडे, जावे लागते.

ऑक्सिजन-१६ असो वा ऑक्सिजन-१८, प्रोटॉन आठ आणि इलेक्ट्रॉनही आठच. म्हणून रासायनिक वागणूक जवळपास एकच. फरक दोन न्यूट्रॉनांचा, म्हणजे वजनाचा. नेहमीच्या रासायनिक तपासणीत तो दिसत नाही, बाष्पीभवनात दिसतो. २५ अंश सेल्सिअसला ऑक्सिजन-१८ असलेल्या रेणूचा बाष्पदाब सुमारे एक टक्क्याने कमी भरतो, ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन असलेल्याचा सात-आठ टक्क्यांनी. तापलेल्या आखातात त्यामुळे जड रेणू मागे साठतात. पावसात ते सहसा कमी असतात. भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम यांचे नाते दाखवणारी जी रेषा मांडली, तिच्यापासून बाष्पीभवन झालेले पाणी खाली सरकते. हायड्रोजनचेच आणखी जड समस्थानिक असलेल्या ट्रिशियमची गोष्ट निराळी. ते किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य १२.३ वर्षे, ते पाण्याच्या वयाचा अंदाज देते.

मर्यादाही सांगायला हवी. सांडपाणी नळातूनच आलेले असते, त्यामुळे फुटलेला नळ आणि फुटलेले गटार यांत ही पद्धत निवाडा करीत नाही. तिथे नायट्रेट आणि जिवाणूच तपासावे लागतात.

खरी हानी मात्र प्रयोगशाळेच्या बाहेर होते. अर्धी भरलेली बाटली, सैल झाकण, जूनच्या उन्हात गाडीची डिकी. पाच टक्के पाणी उडाले तर टीडीएस तेवढाच वाढतो, कोणी लक्ष देत नाही. ऑक्सिजन-१८चा आकडा मात्र यंत्राच्या अचूकतेच्या कित्येक पट सरकू शकतो. पावसाचे पाणीही मग आखाताकडे झुकलेले दिसते आणि अहवाल बिनचूक यंत्रातून चुकीचा निघतो. कोकणातल्या खाऱ्या विहिरींचे नमुने घेणाऱ्यांनाही हे लागू आहे.

तेव्हा बाटली काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, झाकण घट्ट लावा आणि ती सावलीत ठेवा. तळघराचा नमुना एकटा पाठवू नका. त्याच दिवशीचे समुद्राचे आणि त्याच इमारतीच्या नळाचे पाणी सोबत पाठवा.