इंधनाचे पीक

शेतकऱ्याने धान्य पेरावे, कापूस पिकवावा, हे आपणांस स्वाभाविक वाटते. परंतु केवळ जाळण्यासाठी कोणी शेतात झाडे लावील, अशी कल्पना सहसा मनात येत नाही. जळण म्हणजे रानातून तोडून आणावयाची वस्तू, अशीच आपली समजूत असते. १९७३ साली खनिज तेल एकाएकी महागले, तेव्हा युरोप-अमेरिकेतील विचारी लोकांनी ही समजूत बाजूस सारली. पॉप्लर, विलो यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या झाडांकडे त्यांचे लक्ष गेले.

पॉप्लर हे मोठे गुणी झाड आहे. त्याच्या डहाळीचा वीतभर तुकडा ओलसर जमिनीत खोचला, की त्यास मुळे फुटतात. तीन-चार वर्षांत ते जळणासाठी तोडण्याजोगे होते. हिवाळ्यात पाने गळाल्यावर ते तोडतात. त्यामुळे पानांतील सत्त्व मातीतच राहते. वसंत ऋतू आला, की खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात. लाकडाच्या ढलप्या भट्टीत जाळून घरे उबदार ठेवतात, वीजही निर्माण करतात.

कोळसा जाळला म्हणजे कोट्यवधी वर्षे भूमीत गाडलेला कार्बन हवेत जातो. पॉप्लर मात्र वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच जळताना परत करते, आणि नवे धुमारे तो पुन्हा शोषून घेतात. हा हिशेब चोख खरा. परंतु तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे वाढेल, तेव्हाच तो जुळतो. जुने अरण्य तोडून तेथे पॉप्लर लावले, तर शतकांची ठेव एका दिवसात उधळली जाते.

शिवाय या झाडास पाणी पुष्कळ लागते, आणि धान्याची जमीन भट्टीस दिली, तर माणसांनी खावे काय? पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेश येथील शेतकऱ्यांनी यावर मार्ग काढला आहे. ते बांधावर किंवा दूरदूरच्या रांगांत पॉप्लर लावतात आणि मध्ये गहू घेतात. हिवाळ्यात झाड निष्पर्ण असते, म्हणून गव्हास ऊन मिळते. सहा-आठ वर्षांनी खोड प्लायवुडच्या कारखान्यात जाते. फांद्या व मुळे जळणास येतात.

मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. इंधनाचे पीक अवश्य घ्यावे. पण ते बांधावर, पडीक जमिनीवर, पाणी पाहून घ्यावे. भट्टीची भूक झाडाच्या वाढीपेक्षा मोठी होऊ देऊ नये. तोडणाऱ्या हातापुढे लावणारा हात नेहमी असला पाहिजे.