गणवेशात टोपी हवी

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमची धाकटी शाळेतून आली ती नाचतच. खो-खोच्या संघात तिची निवड झाली होती. पण घरात आजीपासून मावशीपर्यंत सगळ्यांचे एकच पालुपद, "नको गं बाई, उन्हात काळी पडशील!" त्याच आठवड्यात तिचा दादा भर दुपारच्या कवायतीवरून परतला. मान आणि कान लालबुंद, हात लावू देईना. चार दिवसांनी कातडीचे पापुद्रे निघाले. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मुलगा आहे, चालायचेच!

माझ्या मते आपण उन्हाला भितो ते भलत्याच कारणासाठी. मुलीचा रंग जाईल म्हणून तिला घरात बसवतो, आणि मुलाची कातडी भाजते तिकडे पाहत नाही.

काळवंडणे हा काही आजार नव्हे. ऊन लागले की कातडी मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार करते. ती तिने उघडलेली छत्रीच म्हणा. मात्र अतिनील किरणांनी आतल्या पेशींना इजा होऊ लागली की मगच ती उघडते. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत हे द्रव्य मुळातच भरपूर असते, त्यामुळे त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या मानाने पुष्कळच कमी आढळतो. तरी भाजणे, अकाली सुरकुत्या, गालांवरचे वांग यांतून आपण सुटत नाही. डोळ्यांचेही तेच. मोतीबिंदूच्या कारणांत हे किरण येतात. १९७५ पासून घराघरांत पोचलेल्या गोरेपणाच्या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द कंपनीने २०२० साली काढून टाकला. आपल्या बैठकीच्या खोल्यांतून तो अजून निघायचा आहे. असो.

मुलांनो, एक प्रयोग करून पाहा. आपले इंदूर कर्कवृत्ताच्या जरासे दक्षिणेला आहे, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातही दुपारी साडेबाराच्या सुमारास पाच फूट उंचीच्या मुलाची सावली जेमतेम एक फूट पडते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरण जोरात आहेत असे समजावे. त्या दिवसांत सकाळी साधारण साडेनऊला ती तुमच्याएवढी होते, मग आखडते, आणि दुपारी साडेतीनला पुन्हा तुमच्याएवढी होते. लू तीन-चारला जास्त भाजते म्हणून आपल्याला तीच वेळ वाईट वाटते. परंतु या किरणांचा जोर साडेबारालाच सर्वाधिक असतो, आणि ते अंगाला जाणवत नाहीत. पातळ ढग असले तरी ते बरेचसे खाली पोचतात.

आता आपले वेळापत्रक पाहा. एप्रिलमध्ये खेळाचा तास अकरा ते बारा, आणि मैदानावर टोपी घातली तर 'गणवेशात नाही' म्हणून ती काढायला लावतात. माळव्यातला शेतकरी साफ्याशिवाय शेतात जात नाही, आपल्या मुली स्कूटीवर बसताना तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, आणि शाळेच्या मैदानावर तेवढे डोके उघडे! ऑस्ट्रेलियातल्या अनेक शाळांत नियमच आहे की टोपी नसेल तर मैदानावर खेळायचे नाही. तिथे १९८१ पासून सदरा, मलम आणि टोपी यांचा प्रचार चालू आहे. तिथल्या मुलांची कातडी आपल्यापेक्षा नाजूक हे मान्य, पण सूर्य तर एकच.

"आम्ही नाही का उन्हात खेळलो?" असे ज्येष्ठ मंडळी म्हणतील. खेळलो खरे, मीही याच मैदानावर खेळलो. पण आमच्या वेळी शाळा सकाळची होती, हे आपण विसरतो. ड जीवनसत्त्वाचा मुद्दाही रास्त आहे. ते कातडीत उन्हानेच तयार होते, म्हणून मुलांना घरात कोंडा असे मी मुळीच म्हणत नाही. थोडा वेळ उघड्या हातापायांवर ऊन घ्यावे. तासभर भाजून घ्यायची गरज नाही.

पालकांच्या खिशाचाही विचार केला आहे. सनस्क्रीन चांगलेच. एसपीएफ ३० चे मलम भाजणारे किरण सुमारे ९७ टक्के अडवते. मात्र ते भरपूर लावावे लागते, घामाने उतरते, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. रोज तेवढी ट्यूब कोणाला परवडणार? घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सभोवार काठ असलेली टोपी वर्षभर टिकते. पुढे चोच असलेल्या क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान झाकत नाहीत, म्हणून काठ गोल हवा.

तेव्हा विश्वस्त मंडळाला विनंती अशी की मार्च ते जून मैदानावरचा तास साडेनऊच्या आत घ्यावा, आणि टोपी गणवेशात धरावी. मैदानाच्या पश्चिमेला चार कडुनिंब लावले तर ते मोठे होईपर्यंत आमची नातवंडे शाळेत येतील, तरीही लावावेत.

धाकटी खो-खो खेळतेच आहे. आजीने तिला स्वतःच्या हाताने सुती टोपी शिवून दिली आहे, ती दप्तरात पडून आहे. टोपीचा रंग पांढरा की निळा यावर बैठकीत तासभर वाद होणार हे मी जाणून आहे. तो फेब्रुवारीच्या आत उरकावा.