जोखीम तिची, हुकूम दुसऱ्याचा

नखे रंगविणे हा आपल्याकडे आजवर हौसेचा विषय मानला गेला. त्यावर कुणाचे पोट चालेल, ही कल्पना मागच्या पिढीला रुचली नसती. आज मात्र कृत्रिम नखे बसविणे, त्यांवर जेलचा थर चढविणे आणि नक्षी काढणे हा शहरातील मुलींचा एक रीतसर व्यवसाय झाला आहे. पुण्यात मंडई-तुळशीबागेच्या परिसरात तो डोळ्यांनी पाहता येतो. काही महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन या कामात उतरणाऱ्या मुलीपुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो असा : सलूनमध्ये नोकरी धरावी, की स्वतःचे काम सुरू करावे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण तो वस्तुतः श्रम आणि जोखीम यांच्या वाटणीचा प्रश्न आहे.

फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली या वाटणीची मीमांसा केली. धंद्यातील अनिश्चितता जो अंगावर घेतो, निर्णय त्याचा आणि नफाही त्याचा. जो ती घेत नाही, त्याला ठरलेले वेतन मिळते आणि त्या बदल्यात तो दुसऱ्याचा हुकूम मानतो. १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेल्या आणि आज महात्मा फुले यांचे नाव धारण करणाऱ्या मंडईत हे तत्त्व कुणालाही समजावे. भाजी सडली तर नुकसान गाळेवाल्याचे; भाव चढला तर लाभही त्याचाच. त्याच्या हाताखालच्या नोकराला दोन्ही दिवशी पगार सारखाच. यात अन्याय काही नाही. दोघांचाही सौदा सरळ आहे.

नखांच्या व्यवसायात मात्र या दोहोंमध्ये एक तिसरा प्रकार शिरला आहे, तो म्हणजे ‘कमिशन’चा. समजा, एका कामाचे ६०० रुपये येतात. स्वतंत्र काम करणाऱ्या मुलीचा साहित्य व प्रवास यांवरचा खर्च १५० धरला, तर तिच्या हाती ४५० उरतात. सलूनमधील पगार १४,००० मानू. आता महिन्याचे २४ दिवस रोज एकच काम मिळाले, तर स्वतंत्र मुलीला १०,८०० रुपये मिळतील. रोज तीन मिळाली, तर ३२,४००. महिन्याला ३२ कामे झाली की ती पगारदार मैत्रिणीच्या पुढे जाते. उलट सलूनमध्ये ४० टक्के कमिशनवर बसणाऱ्या मुलीला मंदीच्या महिन्यात ५,७६० आणि तेजीच्या महिन्यात १७,२८० रुपये मिळतील. आकडे मानलेले आहेत. वाचकांनी ते बदलून पाहावेत. पण एक गोष्ट त्यांत दिसत नाही. रोज एकच काम असेल, तर स्वतंत्र मुलीचा उरलेला दिवस तिचा असतो. कमिशनवाली मात्र सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत खुर्चीला बांधलेली असते. गिऱ्हाईक आले नाही तर तोटा तिचा. दर, वेळ आणि सुट्टी ठरविणार मालक. जोखीम धंदेवाल्याची आणि आज्ञापालन नोकराचे, असा हा व्यवहार आहे.

कायद्याने हा प्रश्न पूर्वीच हाताळला आहे. हैदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस या दुकानातील शिंप्यांना नगावर मजुरी मिळे, यंत्रे मालकाची असत आणि काम पसंत न पडल्यास ते पुन्हा करून घेण्याचा अधिकारही मालकाचा असे. हे शिंपी नोकरच होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली दिला. पार्लरमधील टेबल, दिवा आणि रंग मालकाचे असताना तिथे बसणाऱ्या मुलीला ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणणे या निर्णयाशी कसे जुळते, याचा विचार व्हावयास हवा. काम सोडल्यावर हाच व्यवसाय करणार नाही, असे कुणी लिहून घेतले असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे ती अट निरर्थक ठरते, हेही या मुलींना सांगितले पाहिजे.

मालकांची बाजू नाही असे नव्हे. भाडे दरमहा द्यावे लागते आणि लग्नसराई संपली की गिऱ्हाईक ओसरते. अनेक मालकिणी काल स्वतःच कारागीर होत्या. चार खुर्च्यांच्या पार्लरवर मोठ्या कारखान्याचे ओझे टाकता येणार नाही, हे मान्य. पण त्यामुळेच ही मुलगी कायद्याच्या जाळीतून गळते. भविष्यनिर्वाह निधीसाठी साधारणतः २० आणि राज्य विमा योजनेसाठी १० कामगारांची अट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवरून कामे देणाऱ्या कंपन्यांवर उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणीचे बंधन घातले. गल्लीतल्या पार्लरमध्ये कमिशनवर बसणारी मात्र या वर्गणीच्या कक्षेत येत नाही.

यावरचा उपाय परदेशातून आणावा लागणार नाही. पुण्याच्या बाजारातील हमालालाही एक धनी नव्हता. आज या पेढीवर, उद्या त्या. डॉ. बाबा आढाव यांनी १९५६ साली हमाल पंचायत उभी केली आणि १९६९ साली राज्यात माथाडी कायदा झाला. धनी बदलला तरी मजुरीसोबत ठरावीक टक्के रक्कम मंडळाकडे भरली जावी आणि तिच्यातून कामगाराला भविष्यनिर्वाह निधी, उपदान व रजा मिळावी, ही त्यातील मुख्य कल्पना होय. पार्लरमधील कारागिरांसाठी असे मंडळ का नसावे?

ते होईल तेव्हा होवो. तोवर या मुलींना सल्ला एवढाच देता येईल की पहिली एक-दोन वर्षे पगाराची नोकरी करावी, कारण हात बसेपर्यंत होणाऱ्या चुकांची किंमत तेव्हा मालक मोजतो. हात बसला आणि ओळखीची गिऱ्हाइके महिन्याला ३२ कामे देतील इतकी झाली की स्वतःचे टेबल मांडावे. मात्र दर आणि वेळ आपल्या हाती नसताना मंदीचा तोटा तेवढा आपल्या माथी मारणारा करार, त्याला कितीही गोंडस नाव दिले तरी, पत्करू नये. नोकरी म्हणजे कमीपणा आणि ‘स्वतःचा धंदा’ म्हणजे प्रतिष्ठा, हा भ्रम घराघरांतून दूर झाल्याखेरीज मात्र हा विवेक मुलींना साधणार नाही; आणि त्यात पालकांची व आम्हा शिक्षकांची जबाबदारी त्यांच्याहून कमी नाही.