शोकगृहाची शुद्धि

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एका भगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, रसायनशास्त्राचा पदवीधर असलेला आपला चिरंजीव, खून, आत्महत्या किंवा एकाकी मृत्यु घडलेलीं घरें धुवून देण्याचा धंदा काढूं म्हणतो. एवढें शिकविल्याचें हेंच का फळ? मातेचा उद्वेग आम्ही जाणतों. तथापि या धंद्याची माहिती वाचकांपुढें ठेवणें आम्हांस इष्ट वाटतें.

पंचनामा आटोपून प्रेत हलविलें कीं, पुढील साफसफाई सरकारच करीत असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. अमेरिकेंत तसें नाहीं. पोलीस पुरावा घेऊन जातात. मागें राहिलेलें रक्त घरमालकाच्या, म्हणजे बहुधा मृताच्या आप्तांच्याच माथीं पडतें. ज्या बापानें मुलगा गमावला त्यानेंच बादली व फडकें घेऊन त्या खोलींत शिरावें! हा प्रसंग टळावा म्हणून १९९० नंतरच्या दशकांत हा स्वतंत्र व्यवसाय आकारास आला. नांवांत गुन्हा असला तरी, त्यांतील बरेंचसें काम आत्महत्येचें, किंवा एकट्या वृद्धाचा मृत्यु कित्येक दिवसांनीं उघडकीस आल्याचें असतें.

काम दिसतें तितकें सोपें नाहीं. गालिच्यावर तळहाताएवढा डाग दिसावा, आणि गालिचा उचलतांच खालच्या अस्तरांत व लांकडी जमिनींत तोच परातीएवढा पसरलेला आढळावा. गादी, गालिचा, कच्चें लांकूड, जें जें रक्त शोषून घेतें तें बहुधा कापूनच काढावें लागतें. कांच, धातु, गुळगुळीत लादी हीं मात्र धुतां येतात. तींही आधीं घासून मळ काढावयाचा, मगच जंतुनाशक लावावयाचें, व डब्यावर लिहिलेलीं मिनिटें भरेपर्यंत पृष्ठभाग ओला ठेवावयाचा. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांतील द्रव्यशुद्धीचें प्रकरण वाचलेल्यांस येथें गंमत वाटेल. धातूचें भांडें शुद्ध होतें, पण रक्त लागलेलें मातीचें भांडें पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाहीं, असें तेथें सांगितलें आहे. कारणमीमांसा निराळी, पण भेद तोच.

धोका खरा आहे. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणु वाळलेल्या रक्तांतही निदान सात दिवस टिकूं शकतो. म्हणून १९९१ सालीं तेथील कामगार-सुरक्षा खात्यानें नियम केले. त्यांप्रमाणें मालकानें नोकरास कामावर घेतल्यापासून कामाच्या दहा दिवसांच्या आंत या रोगाची लस विनामूल्य देऊं केली पाहिजे, हातमोजे व अंगरखे पुरविले पाहिजेत, आणि शिक्षण दरवर्षीं दिलें पाहिजे. कॅलिफोर्नियांत तर राज्याच्या आरोग्यखात्याकडे नोंदणीही करावी लागते. आरंभीं चिरंजीव स्वतःच मालक व स्वतःच नोकर असतील; तेव्हां लस त्यांनीं पहिल्यानें घ्यावी. त्याहीपूर्वी एखाद्या जुन्या व्यावसायिकाच्या हाताखालीं वर्षभर राबावें, कारण रसायन सर्वांस शिकतां येतें, पण ती खोली सर्वांच्या मनास सोसत नाहीं.

आम्हांस खरी काळजी वाटते ती पैशाची. शोकानें बधिर झालेला मनुष्य समोर येईल त्या कागदावर सही करतो. घराचा विमा असेल तर पुष्कळदां तो हा खर्च देतो. गुन्ह्याचा बळी असेल तर बहुतेक राज्यांत सरकारी साहाय्यनिधीतून कांहीं रक्कम मिळते. आत्महत्येच्या घराला मात्र तो निधि सहसा लागू होत नाहीं. हें सर्व आधीं समजावून सांगून, खर्चाचा लेखी अंदाज एखाद्या शांत डोक्याच्या नातेवाइकाच्या हातीं देईल, तोच हा धंदा करण्यास योग्य.

राहिला प्रतिष्ठेचा प्रश्न. आपल्याकडे अशीं कामें एखाद्या गरिबाला चार पैसे जास्त देऊन, उघड्या हातांनीं करवून घेण्याचीच रीत होती, आणि नंतर त्यालाच आपण उंबऱ्याबाहेर उभें केलें. करवून घेतांना ज्या कामाची लाज वाटली नाहीं, तें मुलानें स्वतः, लस टोंचून व हातमोजे घालून केलें तर कां वाटावी? भगिनींनीं त्यास अडवूं नये.

मात्र गाडीवर धंद्याचें नांव रंगवूं नये, एवढें त्यास अवश्य सांगावें. तेथील कित्येक व्यावसायिक साधी, बिननांवाची गाडी वापरतात. दारापुढें ती उभी राहिली तरी आंत काय घडलें हें शेजाऱ्यांस कळत नाहीं.