घंटा वाजेल, पण येणार कोण?

गेल्या पावसाळ्यात अमरावतीच्या आमच्या वस्तीतील एक सत्तरी उलटलेल्या विधवा बाई पहाटे न्हाणीघरात घसरून पडल्या. मुलगा पुण्यात नोकरीला. घरात दुसरे कोणी नाही. दूधवाल्याला कण्हणे ऐकू आले तोवर तीन तास त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. खुब्याचे हाड मोडले होते. पुढे मुलाने त्यांना पडल्याची सूचना आपोआप देणारे मनगटी घड्याळ आणून दिले. मी त्याचे गुण समजावून सांगू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, ''सर, घंटा त वाजीन, पन धावून येईन कोन?''

अर्थशास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली. पण या प्रश्नाइतकी नेमकी मांडणी मला साधली नसती.

यंत्राची निंदा करण्याचे कारण नाही. शरीराची अचानक झालेली घसरण, पाठोपाठ बसलेला आघात आणि नंतरची निश्चलता हे तिन्ही ओळखून ते आप्तांना किंवा संकटकालीन क्रमांकाला कळवते. पडलेला वृद्ध तासन्तास तसाच राहिला, तर स्नायू झिजून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून वेळ वाचणे म्हणजे जीव वाचणे होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात आणि त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. तेव्हा हा श्रीमंत देशांचा चोचला नव्हे. मात्र तेच यंत्र भिंतीला धरून हळूहळू खाली सरकलेल्या माणसाला पुष्कळदा ओळखत नाही; अंघोळीच्या वेळी ते खुंटीवर असते; वीज नसली की ते मुके होते, आणि मेळघाटातील ज्या गावी मोबाईलची लहर पोचत नाही तेथे ते नुसते काकण ठरते.

बाजारपेठेला गरज दिसत नाही; तिला फक्त ऐपत दिसते. ॲपल कंपनीने ही सोय २०१८ साली आपल्या घड्याळात आणली. त्या कंपनीचे सर्वांत स्वस्त नवे घड्याळही श्रावणबाळ योजनेच्या वर्षभराच्या रकमेत येत नाही. ती रक्कम महिन्याला १,५००, म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. साठ ते एकोणऐंशी वयाच्या निराधारासाठी केंद्राचा वाटा तर महिना अवघे २०० रुपये! गिरणीत हाडे झिजवलेल्या अकोल्याच्या किंवा अचलपूरच्या कामगाराला भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून मिळणारे किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपयांवर खिळले आहे. श्रवणयंत्रावर सरकार वस्तू व सेवा कर घेत नाही. या घड्याळावर मात्र १८ टक्के घेते.

राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टी ओलांडलेल्या गरीब वृद्धाच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा करायचे आणि त्यातून चष्मा, काठी, कमोड खुर्ची ज्याने त्याने घ्यायची, असे तिचे स्वरूप. रक्कम नाकारू नये. पण त्यामागचा विचार ओळखावा. नागरिकाला ग्राहक केले की शासन जबाबदारीतून मोकळे होते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्याची वेळ सकाळी ८ ते रात्री ८. वृद्धांनी पडावे तेही कचेरीची वेळ पाहूनच, असा याचा अर्थ घ्यायचा काय?

कोणी म्हणेल, मुलांनी आईबापांना सांभाळले असते तर ही वेळ आली नसती. आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. पण वऱ्हाडातील तरुण पुण्या-मुंबईला जातो तो श्रावणबाळाला विसरून नव्हे. कापूस पोट भरत नाही आणि येथे कारखाना नाही म्हणून जातो. ज्या घरातील कर्त्या शेतकऱ्याने आत्महत्या केली, त्या घरच्या म्हाताऱ्यांना कोणत्या मुलाकडे बोट दाखवणार?

जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेचा सामाजिक विमा आहे. शुश्रूषेची गरज प्रमाणित झालेल्या, एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरातील संकट-घंटेच्या मूलभूत सेवेचा भार तो विमा उचलतो. मुद्दा यंत्राचा नाही. घंटेच्या दुसऱ्या टोकाला माणूस बसवण्याचा आहे. कोण पडेल आणि केव्हा, हे कोणालाच ठाऊक नसते. असे जोखीम-ओझे समाजाने वाटून घेणे स्वस्तही पडते आणि न्याय्यही ठरते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. अमरावती व अकोला महापालिकांनी एकट्या वृद्धांची वॉर्डवार नोंद करावी. त्यांना साधे बटण किंवा घड्याळ सार्वजनिक खर्चाने द्यावे. ते २०१४ पासून चालू असलेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेशी आणि त्याच मोहल्ल्यातील पगारी सेविकेशी जोडावे. हे काम आशाताईंच्या माथी फुकट मारू नये. न्हाणीघरात आधाराचा दांडा आणि खडबडीत फरशी बसवून द्यावी, कारण पडू न देणे हे उचलण्याहून शहाणपणाचे. जेथे मोबाईलची लहर नाही तेथे आधी ती पोचवावी.

साथींनी आणखी एक कबुली द्यायला हवी. शेतकरी, कामगार, विद्यार्थी यांच्या आघाड्या आपण उभ्या केल्या. काम थांबलेल्या माणसाची आघाडी उभी केली नाही. जणू श्रम संपले की हक्कही संपला. नोंदीचे काम महापालिकेची वाट न पाहता येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या मोहल्ल्यापासून सुरू करावे आणि ती यादी घेऊनच आयुक्तांच्या दारात उभे राहावे. त्या बाईंच्या प्रश्नाला 'आम्ही येऊ' एवढे उत्तर देता आले, तरच शासनाला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला राहील.